मैदोबाची हद्दपारी

१२ जून

प्रिय ताई,

तुझं पुस्तक आमच्या घरी येऊन पोचलं. मुंगीच्या शाळेने यंदा तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक प्रत वाटली. मुलांनी नीट खावं म्हणून काहीतरी उपक्रम काढलाय. बाईंनी वर्गात विचारलं, ही चित्रं कुणी काढली आहेत ठाऊक आहे का, तर आमच्या बाईसाहेबांनी दोन्ही हात वर केले. त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून हा पत्र कसलं लिहितोय. अगं, फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं हं' करतो. पत्रात मला मध्येच कुणी तोडत नाही.

गोष्ट मला आता पाठ झाली आहे. मुंगी येता-जाता ऐकवते. गावात मैदोबा नावाचा एक लठ्ठ बेकरीवाला. तो मुलांना बन आणि केक चारून चारून पार ढिम्म करून टाकतो. मग भाज्या फौज उभी करतात. गावातल्या मुलाने एक भाजी खाल्ली की फौजेतला एक सैनिक ताडमाड वाढतो. शेवटी गाजर सेनापती मैदोबाला वेशीबाहेर काढतो आणि सगळी मुलं टाळ्या पिटतात. शेवटचं पान मुंगी फार वेळ बघत बसते. मैदोबा पाठीवर गाठोडं घेऊन अंधारात चालला आहे, ते.

मैदोबाची मिशी छान जमली आहे. भुवईसुद्धा. दुकानात येणारेही तेच म्हणाले.

बाकी ठीक. भट्टी नवीन विटांनी आतून बांधून घेतली. मुंगी कोबीचे दांडे अजून सशासारखे कुरतडते, त्यामुळे तुझ्या फौजेला आमच्याकडे काही काम नाही.

तुझा,
ढब्बू


२० जून

ढब्बूशेठ,

तुझं पत्र वाचून मी घरभर नाचले, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी काठी आपटेपर्यंत थांबले नाही. या पुस्तकावर मी वर्षभर मान मोडून काम केलं रे. भाज्यांना चेहरे देणं तुला सोपं वाटत असेल. वांग्याला नाक काढून बघ एकदा, मग कळेल.

मिशी ओळखलीस ना? मला वाटलंच होतं. लेखकाने नुसतं 'एक लठ्ठ माणूस मुलांना गोड खाऊ घालतो' एवढंच लिहून दिलं होतं. मला हवेतून माणूस काढता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या आधीच्या पुस्तकातलं कासव म्हणजे आमचा पोस्टमन, आणि घुबड म्हणजे माझी जुनी मुख्याध्यापिका. मग मुलांना गोड खाऊ घालणारा माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? खांद्यावरचा टॉवेल, कानामागची पेन्सिल, भट्टीच्या झळेने अर्धी उडालेली भुवई, सगळं आपोआप उतरलं. लाडाने काढलंय, रागावू नकोस.

मुंगीला सांग, तुझी आत्या खोटी माणसं काढत नाही. माझ्या पुस्तकातला प्रत्येक जण खरा असतो. आणि एक करा. जेवायला बसण्याआधी पुस्तक एकदा तिच्यासोबत वाचत जा. इथे ज्यांनी ज्यांनी केलं, त्यांची पोरं पालकाची पातेली चाटूनपुसून साफ करतायत म्हणे.

तुझी,
ताई


९ जुलै

प्रिय ताई,

तुझा निरोप मुंगीला शब्दशः सांगितला. आत्या खोटी माणसं काढत नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

आता जे लिहितोय ते तुला आवडणार नाही. मुंगीने भाज्या सोडल्या आहेत. एखादी भाजी नव्हे, सगळ्या. जी पोरगी भाजी चिरताना ताटाजवळून हलायची नाही, तिने तोंडाला कुलूप लावलंय. तू सांगितलंस तसं आम्ही जेवणाआधी पुस्तक वाचतो. ती शेवटच्या पानापर्यंत ऐकते, मग पुस्तक मिटून त्यावर बसते, आणि ताटातली भाजी बोटाने कडेला सारते. तिच्या आईने गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिले, काकडीची फुलं करून पाहिली. कशाचा काही उपयोग नाही. बन आणि दूध तेवढं घेते.

शाळेचा डबा मात्र रिकामा येतो. तेवढाच दिलासा.

दुकानाबाहेरून शाळेची पोरं जाताना 'मैदोबा, मैदोबा' करून ओरडतात. मी त्यांना हात करतो. पोरंच ती. काही जण पूर्वी आत यायची, हल्ली आईचा हात ओढून पुढे नेतात.

तुझ्याकडे अशी काही तक्रार आली आहे का कुणाची? असेल तर उपाय कळव.

ढब्बू


१५ जुलै

ढब्बू,

तक्रार कुणाचीही नाही. तुझी पहिली.

आता मोठी बहीण म्हणून बोलते. मुलगी बन आणि दूध घेते असं तूच लिहिलंयस, आणि वर विचारतोस ती भाजी का खात नाही. अरे, पोट बनने भरल्यावर दुधी कोण खाईल? घराच्या खालीच दुकान. पोरगी शाळेतून आली की काउंटरवर चढून बसते, आणि तू तिच्या हातात काहीतरी गरम गरम ठेवतोस. मी डोळ्यांनी पाहिलंय. नाही म्हणणं तुला जमतच नाही, बाबांनाही जमत नव्हतं. तू तिला शेफारून ठेवलं आहेस आणि नाव माझ्या पुस्तकाचं घेतोयस.

काही दिवस दुकानातलं काहीही तिला देऊ नकोस. बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. भूक लागली की झक मारत भाजी खाईल. मन घट्ट कर.

आणि पोरं चिडवतात ते मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तक आवडल्याची खूण आहे ती.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. दुकानातलं काही दिलं नाही. मुंगीने भाजी खाल्ली नाही. नुसता कोरडा भात आणि दूध. आणि तिने एकदाही बन मागितला नाही. मागितला असता तर बरं वाटलं असतं.

परवा शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. कमी आहे. वजनही उतरलंय. औषध दिलंय, पण म्हणाले, खाण्याला औषध नसतं, खायलाच हवं.

शाळेत हेही कळलं की डबा रिकामा येतो तो तिच्या पोटात जाऊन नव्हे. सुट्टीत ती झोपाळ्यामागे खड्डा करून भाजी पुरते. बाईंनी पकडलं तेव्हा तिच्याकडे मैत्रिणींच्या डब्यांतल्याही भाज्या होत्या.

मुंगीच्या आईचं म्हणणं पडलं की तुला काही कळवू नये. मला राहवलं नाही. पण उपाय सुचवू नकोस आता.

पुस्तक मी कपाटावर टाकलंय.

ढब्बू


६ ऑगस्ट

ढब्बू रे,

काल दिवसभर फोन लावला, तू उचलला नाहीस. उचलू नयेसच. मी मागच्या पत्रात जे तारे तोडले ते आठवून मला माझीच लाज वाटते आहे. पोरगी चक्कर येऊन पडली आणि मी इथे बसून मन घट्ट करायला सांगत होते.

उपाय सुचवत नाही. एकच विचारते. बन मागत नाही म्हणालास, म्हणजे बनचा हट्ट नाही. मैत्रिणींच्याही भाज्या पुरते, म्हणजे चवीचा प्रश्न नाही. तिच्या डोक्यात काहीतरी वेगळं चाललंय आणि आपण दोघंही ते न बघता तिच्या ताटाकडे बघत बसलो. तिला काही विचारू नका, समजावू नका. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा तिला तुझ्यापाशी नुसती बसू दे. आपण पोत्यांवर बसायचो तशी. ती बोलेल तेव्हा बोलेल.

माझा जीव टांगणीला लागलाय. दोन ओळी तरी लिही.

ताई


१४ ऑगस्ट

प्रिय ताई,

सांगतो. आधी पाणी पिऊन घे.

गेले काही दिवस मुंगी दुपारी माझ्यासोबत खाली असते. मी ट्रे घासतो, ती मैद्याच्या पोत्यावर बसून पाय हलवते. मी काही विचारत नाही. काल मी जेवायला बसलो. डब्यात काकडी होती. एक फोड उचलली आणि तोंडाकडे नेली, तर ही पोरगी पोत्यावरून उडी मारून आली आणि तिने दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून धरलं.

म्हणाली, "बाबा, तू नको खाऊ. तू खाल्लंस तर ते मोठे होतील."

मी म्हटलं, "कोण मोठे होतील?"

"सैनिक. एक भाजी खाल्ली की एक सैनिक मोठा होतो. मग ते सगळे येणार आणि तुला गावाबाहेर काढणार."

मी म्हटलं, "अगं, मला कशाला काढतील? ते तर मैदोबाला काढतात."

तर माझ्या भुवईवर बोट ठेवून म्हणाली, "मैदोबा म्हणजे तूच आहेस. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. आत्याने काढलाय ना. आत्या खोटी माणसं काढत नाही."

कळलं का ताई? आपल्याला वाटलं ती बनसाठी हटून बसली आहे. पोरगी माझ्यासाठी उपाशी राहत होती. मैत्रिणींच्या भाज्या पुरत होती त्याही माझ्यासाठीच. एकटी सहा वर्षांची मुलगी फौज अडवून धरत होती, आणि आम्ही रोज जेवणाआधी तिला बापाच्या हद्दपारीची गोष्ट वाचून दाखवत होतो.

मी तिला मांडीवर घेतलं. ती मला समजावत होती, की घाबरू नकोस, मी आहे ना.

मी तिला सांगितलं की ते नुसतं चित्र आहे. तिला पटलं नाही. तुझ्या शब्दापुढे आमच्या घरात माझा शब्द कधी चालला आहे?

आणि तुला सांगून टाकतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी ओळखलं होतं आणि मलाही ते लागलं होतं. मिशीचं नव्हे. ते गाठोडं. बाबांच्या भट्टीवर आपण दोघं वाढलो, पावाच्या पिशव्यांवर तू चित्रं काढायला शिकलीस, आणि तुझ्या पुस्तकात बेकरीवाला असा हाकलला जातो आणि मुलं टाळ्या पिटतात. तू लाडाने काढलंस म्हणालीस म्हणून मी मूग गिळून गप्प बसलो. तेव्हाच बोललो असतो तर बरं झालं असतं.

ढब्बू


२० ऑगस्ट

माझ्या ढब्बू,

पत्र वाचून मी खूप रडले. मग पुस्तक उघडून शेवटचं पान मुंगीच्या डोळ्यांनी बघितलं. बाप पाठमोरा, आणि सगळं गाव हसतंय. हे मी काढलं. हे काढताना मी गुणगुणत होते, कारण त्या टॉवेलची घडी फार छान जमली होती.

मुलांना गाजर आवडावं म्हणून कुणाला तरी गावाबाहेर काढायची गरज काय होती, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. तुला लागलं हे तर माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला माफ कर. थट्टेच्या आड लपून मागत नाही, सरळ मागते.

मुंगीला मी कागदावरूनच उत्तर द्यायला हवं. तिचा विश्वास माझ्या चित्रावर आहे, तर चित्रच बदलते. सोबत नवं शेवटचं पान पाठवते आहे, हाताने रंगवलेलं. गाजर सेनापती वेशीपर्यंत धावत गेलाय आणि त्याने मैदोबाचं गाठोडं काढून घेतलंय. पलीकडे लांबलचक टेबल मांडलंय. मैदोबा पाव कापतोय, कोबी आणि मुळा बाकावर दाटीवाटीने बसलेत, आणि मुलं मध्ये घुसून जागा करून घेतायत. पावात काय भरायचं यावरून वांगं आणि टोमॅटो भांडतायत. जुन्या पानावर हे नीट चिकटव. तिच्यासमोर चिकटव.

ताई


२९ ऑगस्ट

प्रिय ताई,

पान चिकटवलं. मुंगीने ते नाक लावून लावून पाहिलं. मैदोबाचं पोट थोडं कमी केलंयस हेही तिने ओळखलं. हसली, किती दिवसांनी. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी तिच्या आईने ताटात गाजराचा एक तुकडा ठेवला. मुंगीने तो उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि परत ठेवला. म्हणाली, "माझ्या पुस्तकात बाबा घरी आला. पण बाकीच्यांच्या पुस्तकांत अजून बाहेरच आहे ना?"

आता यावर काय बोलायचं, तूच सांग. तिचं म्हणणं, वर्गातली सगळी पोरं आपापल्या घरी भाज्या खातायत, आणि त्या सगळ्या पुस्तकांमधले सैनिक वाढतायत. ती एकटी कुठवर पुरी पडणार. हिशेबाने बोलायला गेलं तर पोरगी बरोबर आहे.

औषधाने चेहरा थोडा भरलाय. पण भाजीला हात नाही. तुझ्यावर आता तिचा राग नाही, हे मात्र लिहायला सांगितलंय.

ढब्बू


५ सप्टेंबर

ढब्बू,

प्रकाशकांना भेटले. भले गृहस्थ आहेत, चहा पाजला, ऐकून घेतलं. पुढची आवृत्ती निघाली तर शेवट बदलू म्हणाले. कधी निघेल ते देवाला ठाऊक. मुंगीला तोवर थांबायला सांगणार का?

म्हणून मी ठरवलंय. तिच्या वर्गातल्या प्रत्येक पुस्तकासाठी मी शेवटचं पान रंगवते आहे. छापून आणता आलं असतं, माझ्या एका मैत्रिणीनेही तेच सुचवलं. पण जी चूक हाताने केली ती हातानेच निस्तरावी असं वाटतं. मनगटाने संप पुकारलाय, खालच्या आजी शेक द्यायला वर येतात आणि जाता जाता मुळ्याचा रंग चुकला म्हणून सांगतात. प्रत्येक पानावर मैदोबा वेगळा होतोय. एकात हसतोय, एकात भुवई खाजवतोय, एकात पीठ सांडून ओशाळलाय. इतक्या वेळा तुझा चेहरा काढताना कळलं, की मी तुला नीट असा कधी बघितलाच नव्हता. तू थकला आहेस रे. डोळ्यांखाली कधी आलं हे सगळं?

पानं झाली की घेऊन मीच येते. बाईंशी बोलून ठेव. खळ आणि ब्रश तुमच्याकडे असेलच. मुंगीला फक्त एवढंच सांग, की आत्या येते आहे आणि कुणाचंही पुस्तक सोडणार नाही.

ताई


२७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बाबा म्हणाला तूच लिही, मी फक्त जोडाक्षरं सांगतो.

तू आमच्या वर्गात पानं चिकटवायला आलीस त्या दिवशी दोन मुलं आली नव्हती. बाईंनी त्यांची पानं कपाटात ठेवली होती. काल ती दोघं आली. मी स्वतः खळ लावली. आता सगळ्यांची झाली. एका मुलाने पान उलटं चिकटवलं. त्याच्या पुस्तकात बाबा डोक्यावर उभा आहे. पण टेबलापाशीच आहे, म्हणून मी त्याला काढायला लावलं नाही.

आता आमचा वर्ग बाबाला मैदोबा म्हणतो पण आत येऊन म्हणतो. बाबा म्हणतो चालेल.

तू राहायला आली होतीस तेव्हा मी भाजी खाल्ली नाही म्हणून तुला वाईट वाटलं, ते मला कळलं. तू तोंड फिरवून डोळे पुसलेस. पण तेव्हा दोन पानं राहिली होती ना. मी सांगणार होते पण तू गाडीत बसलीस.

आज दुपारी आईने गाजर चिरलं. मी एक छोटा तुकडा खाल्ला. मग पळत खाली दुकानात जाऊन बघितलं. बाबा होता. पाव काढत होता.

मग मी वर येऊन अजून एक खाल्ला. परत खाली गेले. बाबा होताच.

मग मी आख्खं गाजर घेऊन खाली गेले, आणि त्याच्याकडे बघत बघत सगळं खाल्लं.

तुझी,
मुंगी